ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे

असं मीच लिहून ठेवलंय वर,
आठवी ब, कोपरखैरणे, या नावाखाली.
तरी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
यशराजचे वडील बोलतात.
टाइप करत नाहीत ढाणे, बोलतात.
मागे मार्केटात कांद्याच्या गोण्या थपाथप पडताहेत,
कुणी ओरडतंय, "बाजूला, बाजूला!"
आणि मध्येच त्यांचा आवाज, अगदी हळू,
वर्गाच्या दाराशी चपला काढून उभे असल्यासारखा:
"बाई, आठवीत आला तरी पोराला अपूर्णांक समजंनात.
मी तर गाडी लागली की बाहेर.
त्येला जरा बघा."
एकोणीस सेकंद.

चहा उकळेस्तोवर मी ते दोनदा ऐकते.
अंगठा पाठवला असता तरी चाललं असतं.
मी भाकरीचा फोटो काढते, वरून,
चार तुकडे, एक जरा सरकवलेला.
तीन छेद चार.
बेचाळीस जणांनी पाहिलं.
कुणाच्या आजोबांनी हात जोडले,
कुणी गुलाबासकट सुविचार टाकला.
मी पुन्हा लिहिलं, ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे.
त्यालाही तीन फुलं आली.

शाळेत फोन आणायचा नाही, हा नियम.
पण शाळा फोनमधून माझ्या घरात येते
त्याला नियम नाही.
खाडीवरचे रोहित पक्षी स्टेटसला ठेवले
तर सोमवारी मागच्या बाकावरून:
"बाई, काल ऐरोलीला ना?"
मी कुठे जाते, किती वाजता झोपते,
पोरांना तोंडपाठ.
पाढे नाहीत.

मृण्मयीचा गोल मात्र करडा.
मार्चपासून.
"चांगली नोकरी सोडून हे काय, कॅमेऱ्यासमोर?"
एवढंच म्हटलं होतं मी. म्हणजे, एवढंच आठवतं मला.
रोज रात्री लिहिते, जेवलीस का.
एक खूण येते.
दुसरी उगवतच नाही.

मग एकदा मधल्या सुट्टीत
रिद्धी मढवीने दप्तरातून फोन काढला, नियम मोडून.
"बाई, ओरडू नका हां.
ही तुमची ताई ना? हनुवटी सेम आहे."
होती. केस कापलेले.
मांडीवर कुणाचीतरी जुनी साडी घेऊन
रफू कसं करायचं ते सांगत होती एकसष्ट हजार लोकांना:
आधी उलट्या बाजूने बघा,
भोक खरं केवढं आहे ते तिथे कळतं.
कळलं?
नाही कळलं तरी हो म्हणू नका.

हे माझं वाक्य.
तेवीस वर्षं रोज म्हणते मी ते, फळ्याकडे पाठ करून.
आणि म्हणून झाल्यावर तिने दोन्ही हात झटकले,
खडू नसताना.

फोन जप्त करायला हवा होता.
म्हटलं, पुन्हा लाव.

"माझ्या नावाने कमेंट टाकू? काय लिहू?"
उत्तरं पूर्ण वाक्यात लिहा, असं सांगणारी मी,
बराच वेळ वाक्य शोधत राहिले.
"लिही, तिसरा टाका सैल पडलाय."
रिद्धीने 'शैल' लिहिलं.
सुधारणार होते, तेवढ्यात घंटा झाली.

आता रोज सकाळी ती दाराशीच मान हलवते.
नाही, अजून नाही.

काल तीन दहाला मी जागीच होते.
ढाण्यांचा आवाज आला, गोण्यांमधून वाट काढत:
"बाई, पोरानं भाकरीचे आठ केले.
म्हणतो, पप्पा, दोन खाल्ले की पाव."
आणि हसले, मोठ्यानं, पहिल्यांदाच.

मीही माइकवर बोट दाबून धरलं.
बोलायचं होतं. काय ते ठरेना.
बोट सुटलं, आणि गेलं ते तसंच आख्ख्या आठवी ब ला:
चार सेकंद, नुसता पंखा.

सहा वाजता कुणाच्यातरी आईने विचारलं,
बाई, बऱ्या आहात ना?
सूचना नव्हती ती.
मी पुसली नाही.